डोनेशनची चाळीस वर्षे: पार्श्वभूमी

व्यावसायिक महाविद्यालयातील जागा गुणांवरच द्यावी, हे तत्त्व उघडपणे कोणी नाकारत नाही. तरीही डोनेशन द्यायला नकार देणारा पालक आपल्याकडे आजही भोळा ठरतो. या मनोवृत्तीचा माग काढताना 1983 सालापर्यंत जावे लागते. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्याने विनाअनुदानित अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांना दार उघडले. कारण रास्त होते: सरकारी जागा मोजक्या होत्या आणि इथली मुले पैसे भरून कर्नाटकात जात होती. मात्र शुल्क कुठे संपते आणि जागेची किंमत कुठे सुरू होते, हे कोणी ठरवून दिले नाही. शुल्काची पावती मिळे, वरची रक्कम रोखीने आणि पावतीविना जाई; ‘डोनेशन’ हा दानाचा शब्द मराठीत आला तो याच अर्थाने.

कॅपिटेशन शुल्काला, म्हणजे प्रवेशासाठी ठरलेल्या शुल्कावर घेतल्या जाणाऱ्या रकमेला, बंदी घालणारा राज्याचा कायदा 1987 चा. त्यातही सद्भावनेने दिलेली देणगी घेण्याची मुभा होती, फक्त तिच्या बदल्यात जागा राखायची नाही, अशी अट होती. बदल्यात काय ठरले, हे कागदावर कोण लिहितो?

पुढची लढाई सर्वोच्च न्यायालयात झाली. कर्नाटकात वैद्यकीयच्या सरकारी जागेला वर्षाला 2,000 रुपये, तर खासगी महाविद्यालयात परराज्यातील विद्यार्थ्याला 60,000 रुपये असे दर होते. त्यावरून उभ्या राहिलेल्या मोहिनी जैन खटल्यात (1992) न्यायालयाने कॅपिटेशन शुल्क म्हणजे शिक्षणविक्रीची किंमत, असे सुनावले. उन्नीकृष्णन निकालाने (1993) जागा ‘फ्री’ आणि ‘पेमेंट’ अशा निम्म्या-निम्म्या वाटल्या, पण दोन्हींकडे प्रवेश गुणवत्तेनेच ठेवला. माझ्या मते सर्वांत सरळ व्यवस्था हीच होती. ती 2002 मध्ये अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने रद्द केली. पुढे 2005 च्या इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालाने अनिवासी भारतीयांसाठीच्या (एनआरआय) कोट्याला 15 टक्क्यांची मर्यादा घातली आणि त्यातून येणारा पैसा दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांसाठी वापरावा, असे म्हटले.

राज्याने 2015 मध्ये प्रवेश आणि शुल्क या दोन्हींच्या नियमनाचा कायदा केला आणि 2016 पासून वैद्यकीय प्रवेश ‘नीट’ या देशपातळीवरील प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होऊ लागले. त्यामुळे यादीत नसलेल्याला परस्पर आत घेणे अवघड झाले. शुल्क मात्र संस्थेने सादर केलेल्या खर्चाच्या हिशेबावरून नियामक प्राधिकरण मंजूर करते, आणि पूर्वी पावतीबाहेर राहणाऱ्या रकमेचा बराचसा भाग आता पावतीवरच दिसतो.