पक्ष किती सरकला, हे मोजायचं कसं?

"उद्योगांना करसवलत देऊ आणि शाळांवरचा खर्च वाढवू." जाहीरनाम्यात असं वाक्य सापडलं की अभ्यासक त्याचे दोन तुकडे करतात. करसवलत उजव्या रकान्यात जाते, शाळा डाव्या. १९७९ साली सुरू झालेल्या आणि आज 'मॅनिफेस्टो प्रोजेक्ट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कामात पन्नासहून अधिक देशांतले जाहीरनामे असे तुकड्या-तुकड्याने वाचले गेले आहेत. उजव्या विधानांच्या टक्केवारीतून डाव्यांची वजा केली, की उणे १०० ते अधिक १०० या पट्टीवर पक्षाची जागा ठरते.

मला यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते ती मौनाची. पक्षाने जुना एकही शब्द मागे घेतला नाही, फक्त राष्ट्रीयीकरणाबद्दल बोलणं थांबवलं, तरी पट्टीवर तो उजवीकडे सरकतो. बहुतेक पक्ष असेच बदलतात, गाजावाजा न करता.

उघडपणे बदलणं फार जड जातं. ब्रिटनच्या मजूर पक्षाने १९१८ साली उत्पादनाच्या साधनांवर सामूहिक मालकीचं ध्येय पक्षाच्या घटनेत घातलं. पुढे ते कलम सदस्यांच्या ओळखपत्रावरही छापलेलं असे. १९५९च्या पराभवानंतर नेते ह्यू गेट्सकेल यांनी ते बदलायचा प्रयत्न केला आणि त्यांना माघार घ्यावी लागली. खिशात बाळगलेलं वचन कार्यकर्ते सहज सोडत नाहीत. १९७९पासून सलग चार निवडणुका हरल्यावर, १९९५ साली टोनी ब्लेअर यांना ते जमलं. जर्मनीच्या सोशल डेमोक्रॅट पक्षाने मात्र १९५९ सालीच बाड गोडेसबर्गच्या अधिवेशनात मार्क्सवादाची चौकट सोडली: शक्य तितकी स्पर्धा, गरजेपुरतं नियोजन. १९५७ साली ३१.८ टक्के असलेली त्यांची मतं १९६९ साली ४२.७ टक्क्यांवर गेली आणि विली ब्रांट चॅन्सलर झाले. सगळं श्रेय त्या एका ठरावाला देता येणार नाही, पण नव्या मतदारांसाठी दार तिथेच उघडलं.

एकच पट्टी फसवते ती डेन्मार्कसारख्या ठिकाणी. २०१९ साली तिथले सोशल डेमोक्रॅट स्थलांतराबाबत कडक धोरण घेऊन उभे राहिले आणि त्याच वेळी वर्षानुवर्षं अंगमेहनत केलेल्यांना लवकर निवृत्तीचं आश्वासन देत होते. सामाजिक बाबतीत एक पाऊल उजवीकडे, आर्थिक बाबतीत एक डावीकडे. दोन्ही एकाच पट्टीवर मांडली तर एकमेकांना खोडतात आणि पक्ष जागचा हललाच नाही असं दिसतं. म्हणून कागदावर दोन अक्ष काढायचे, एक आडवा आणि एक उभा. मग तोच ठिपका तिरका सरकलेला दिसतो.