सांगवी–किवळे बीआरटी मार्ग

पिंपरी-चिंचवडच्या पश्चिम भागात सांगवी फाट्यापासून किवळ्याच्या मुकाई चौकापर्यंत जाणारा सुमारे साडेचौदा किलोमीटर लांबीचा जलद बस मार्ग. औंध–रावेत रस्त्याच्या मधोमध केवळ बससाठी राखलेल्या दोन मार्गिका आणि त्यांच्या बाजूचे उंच ओट्यांचे थांबे, अशी त्याची रचना आहे. ‘रेनबो बीआरटी’ या नावाखाली ५ सप्टेंबर २०१५ रोजी तो सुरू झाला. बस पुणे महानगर परिवहन महामंडळाच्या (पीएमपीएमएल), तर रस्ता आणि थांबे पिंपरी-चिंचवड महापालिकेचे, अशी कामाची वाटणी आहे.

बीआरटीचा देशातील पहिला प्रयोग शेजारच्या पुण्यातच झाला. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर बससाठी वेगळी मार्गिका आखण्यात आली. रस्ता मात्र जुना, दोन्ही बाजूंनी दुकानांनी आणि वाहनांनी भरलेला. मार्गिका मध्येच तुटायची, जिथे सलग असायची तिथे दुचाकी घुसायच्या, आणि थांब्यावर पोहोचायला धावत्या गाड्यांमधून वाट काढावी लागायची. काही वर्षांतच पुणेकरांच्या तोंडी ‘बीआरटी’ हा शब्द चेष्टेचा झाला. पिंपरी-चिंचवडने आपले मार्ग आखले ते हे सगळे डोळ्यांसमोर असताना.

या शहराची वाढही पुण्याहून वेगळी. १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महापालिका झालेले हे कारखान्यांचे गाव. १९९७ मध्ये वाकड, पुनावळे, रावेत, किवळे ही गावे हद्दीत आली तेव्हा तिथे बहुतांशी शेतीच होती. त्यामुळे ४५ मीटर रुंदीचा रस्ता आधी आखता आला आणि इमारती मागाहून उभ्या राहिल्या. या मार्गाचे खरे भांडवल ही रुंदीच. दोन मार्गिका बसला दिल्यावरही मोटारींना, दुचाकींना आणि पादपथाला जागा उरते. पुण्याच्या पेठांकडून येणाऱ्या रस्त्यांवर तीच मागणी कोणाच्या तरी अंगणातून जागा काढून पुरी करावी लागते.

पैशाची मोठी वाट केंद्राच्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानाने (२००५) मोकळी केली. बीआरटीच्या कडेच्या पट्ट्यात वाढीव टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे दुसरीकडच्या जमिनीच्या मोबदल्यात मिळालेला जादा बांधकामाचा हक्क) वापरू देऊन त्यातून वाहतूक निधी उभा करायचा, ही महापालिकेची जोडयुक्ती. बस येणार म्हणून जमिनीचे मोल वाढते, तर त्या वाढीचा वाटा बसलाही मिळावा, असा त्यामागचा साधा हिशेब.

मार्ग सांगवी फाट्यावरून रक्षक चौक, विशालनगर, जगताप डेअरी, काळेवाडी फाटा, थेरगाव, डांगे चौक, पुनावळे असा जातो. रावेतला पवनेवरचा कमानींचा पूल, ज्याला सगळे ‘बास्केट ब्रिज’च म्हणतात, ओलांडून तो किवळ्याकडे वळतो. थांबे मधोमध असल्याने बसला उजवीकडेही दार लागते. चालक बस ओट्याला जितकी बिलगून लावेल तितके चढणे सोपे. ओटा आणि बसचा तळ एका पातळीत असल्याने म्हातारी माणसे आणि कडेवर मूल घेतलेल्या बाया पायरी न चढता आत येतात. बस हातभर लांब थांबली की मात्र हीच सोय धोक्याची होते. मार्गिका संपून बस औंधच्या गर्दीत शिरली की उजवे दार बंद आणि डावे सुरू. दाराशी आधीच उभ्या राहिलेल्या नवख्या प्रवाशाची बाजू इथे हमखास चुकते.

तिकीट बसमध्येच वाहक देतो. जगभरच्या बीआरटीत तिकीट थांब्यावर काढून आत शिरायची पद्धत आहे, त्याने बसचा थांब्यावरचा वेळ वाचतो. इथे तसे झाले नाही, याचे एक कारण बस मार्गिकेबाहेरही धावतात हे असावे. त्याच बसने पुण्यात पुढे जाता येते, गाडी बदलावी लागत नाही, हा त्याचा फायदाही लहान नाही.

मार्गिकेची परीक्षा चौकांत होते. तोंडाशी वॉर्डन उभा असेल तोवर दुचाकीवाले बिचकतात. तो हलला की आत. डांगे चौकात तर भुमकर चौकाकडून हिंजवडीला जाणारा आयटीवाल्यांचा लोंढा बसच्या वाटेला आडवा येतो. बीआरटी वायव्येकडे धावते, सकाळची सर्वांत मोठी गर्दी मात्र तिला छेद देऊन जाते.

२०१५ च्याच नोव्हेंबरमध्ये नाशिक फाटा–वाकड हा आठ किलोमीटरचा मार्ग सुरू झाला. त्याला जागतिक बँकेच्या प्रकल्पातून साहाय्य होते. दापोडी–निगडी मार्गाची कथा निराळी. जुन्या पुणे–मुंबई महामार्गावर थांबे बांधून तयार होते, पण सुरक्षिततेच्या प्रश्नावरून प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि मुंबईच्या आयआयटीकडून तपासणी झाली. रिकाम्या थांब्यांसमोरून बस साध्या मार्गिकेतून जात राहिल्या. ऑगस्ट २०१८ मध्ये तो एकदाचा खुला झाला. मार्च २०२२ पासून त्याच महामार्गाने मेट्रोही धावते.

पुण्यात नगर रस्त्यावरील बीआरटी २०२३ पासून टप्प्याटप्प्याने काढून टाकण्यात आली. थांबे तोडले गेले, मार्गिका इतर वाहनांना मिळाली.