पार्श्वभूमी : मालावर बसलेला मजूर आणि भरपाईचा कायदा

१४ फेब्रुवारी २०२१च्या रात्री जळगाव जिल्ह्यात, यावल तालुक्यातल्या किनगावजवळ पपईने भरलेला ट्रक उलटला. किमान १५ जण गेले. सगळी मजुरांची कुटुंबे, बहुतेक रावेर तालुक्यातली. त्यांत बायका होत्या, मुलेही होती. ट्रकमध्ये माल होता आणि त्या मालाबरोबरच ही माणसे घरी निघाली होती. दोन-चार दिवस बातम्या आल्या, सरकारी मदत जाहीर झाली आणि विषय मागे पडला. मदत ही सरकारची इच्छा असते, भरपाई हा मात्र हक्क आहे. हा हक्क कोणाकडे मागायचा, हे ठरत यायला आपल्याकडे दीडशेहून अधिक वर्षे लागली. मालावर बसून प्रवास करणाऱ्या मजुराच्या बाबतीत ते अजूनही पुरते ठरलेले नाही.

खानदेशात हा प्रश्न इतका टोकदार का, हे इथले रस्ते आणि इथली पिके पाहिली की कळते. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे देशातले दोन मोठे मालवाहतुकीचे रस्ते धुळ्याला एकमेकांना छेदतात. सोलापूरकडचा रस्ता कन्नडचा घाट उतरून चाळीसगावमार्गे तिथेच येतो. बिजासन, कोंडाईबारी, कन्नड असे तीन बाजूंना तीन घाट. पूर्वी रावेर, निंभोरा, सावदा या स्थानकांवरून केळी रेल्वेच्या वाघिणींनी दिल्लीकडे जायची. पुढे ट्रक थेट बांधापर्यंत येऊ लागला आणि केळीचा मोठा भाग रस्त्यावर आला. शिरपूर-शहाद्याकडे पपई वाढली. तोडणी आणि भरणी करणारी टोळी मुकादम सांगेल त्या शेतात जाते आणि रात्री भरलेल्या गाडीवरच परत येते. वेगळी गाडी द्यायची तर भाडे कोणी भरायचे, यावर बोलणे अडते.

अपघातानंतर सर्वांत आधी कानावर पडणारे शब्द म्हणजे ‘ब्रेक फेल’. जुलै २०२३मध्ये शिरपूर तालुक्यातल्या पळासनेर इथे भरधाव ट्रक वाहनांना उडवत महामार्गालगतच्या हॉटेलात घुसला आणि किमान १० जण ठार झाले. तेव्हाही हेच सांगितले गेले. पण ब्रेक सहसा अचानक जात नाहीत. क्षमतेपेक्षा जास्त भरलेली गाडी डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये उतारावर सोडली की सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात आणि खाली पोचेपर्यंत ब्रेक पकड सोडतात. त्यात घासलेले लायनर, गळके एअर पाइप, गुळगुळीत टायर. यातले प्रत्येक कारण गाडी निघण्याआधी कोणाला तरी दिसलेले असते.

न्यायालयांनीही ही सबब सहजासहजी मानलेली नाही. १९७७मध्ये मिनू मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, यांत्रिक बिघाड पुढे करायचा असेल तर तो दडलेला होता आणि योग्य काळजी घेऊनही सापडला नसता, हे मालकानेच सिद्ध करायचे. २००१मध्ये कौशनुमा बेगम प्रकरणात टायर फुटून जीप उलटली होती. तिथे निष्काळजीपणा सिद्ध झाला नाही, तरी मालकाची जबाबदारी सुटत नाही असे ठरले. चालकाच्या थकव्याचेही तसेच आहे. १९६१च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने, २०२५मध्ये नव्या श्रमसंहिता येईपर्यंत, दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली होती. मात्र तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांनाच लागू होता आणि आपल्याकडचे कितीतरी ट्रकमालक एक-दोन गाड्यांचे धनी आहेत.

भरपाईची कहाणी इंग्रज अमदानीत सुरू होते. १८५५च्या घातक अपघात कायद्याने मृताच्या वारसांना दावा लावता येऊ लागला, पण तो दिवाणी न्यायालयात, कोर्ट फी भरून आणि समोरच्याची चूक सिद्ध करून. १९२३च्या कामगार भरपाई कायद्याने पहिल्यांदा कामावर झालेल्या अपघाताची जबाबदारी मालकाची चूक न शोधता त्याच्यावर टाकली. १९३९च्या मोटार वाहन कायद्याने तिसऱ्या पक्षाचा, म्हणजे गाडीमुळे इजा झालेल्या त्रयस्थ माणसासाठीचा, विमा सक्तीचा केला. ती सक्ती प्रत्यक्ष लागू झाली १९४६मध्ये. १९५६च्या दुरुस्तीतून अपघात दावा न्यायाधिकरणे आली. तरीही मालवाहू गाडीसाठी विमा कंपनीच्या देण्याला आधी २० हजार, १९६९च्या दुरुस्तीनंतर ५० हजार आणि १९८२पासून दीड लाखाची मर्यादा होती. चूक कोणाची हे न पाहता मृत्यूसाठी १५ हजार देण्याची तरतूदही १९८२चीच. सध्याचा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९पासून अमलात आला आणि तिसऱ्या पक्षाच्या मृत्यू-दुखापतीच्या देण्यावरची ती मर्यादा गेली.

विमा कंपन्यांनी हात झटकू नयेत म्हणून न्यायालयांनी बरेच केले. गुजरातमधल्या एका प्रकरणात चालक इंजिन चालू ठेवून खाली उतरला, विनापरवाना क्लीनरने ट्रक हाकला आणि माणूस गेला. १९८७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विमा कंपनीलाच जबाबदार धरले, कारण मालकाने स्वतः अट मोडलेली नव्हती.

हे सगळे संरक्षण रस्त्यावरच्या माणसासाठी आहे. ट्रकवर बसलेल्या माणसाचे काय? १९९४च्या दुरुस्तीने मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी गाडीत असेल तर त्याला विम्याखाली आणले. १९९९मध्ये सतपाल सिंग निकालाने फुकट बसलेल्या प्रवाशालाही छत्र दिले, पण २००२मध्ये आशा राणी प्रकरणात तो निकाल फिरला. २००४च्या बलजीत कौर निकालाने मधली वाट काढली : मालवाहू गाडीतल्या अशा प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, तरी आधी तिने पैसे द्यावेत आणि मग गाडीमालकाकडून वसूल करावेत. २०१७मध्येही सर्वोच्च न्यायालयाने हाच मार्ग वापरला, पण ती त्या त्या प्रकरणात मिळणारी सवलत आहे, कायद्यातला हक्क नव्हे.

म्हणून खटल्याचा सगळा भार एका प्रश्नावर येतो : मजुराला कामावर लावले कोणी? गाडीमालकाने हमालीसाठी घेतले असेल तर तो त्याचा कामगार आणि कामगार भरपाईपुरते विम्याचे संरक्षण मिळते. व्यापाऱ्याने किंवा मुकादमाने आणले असेल, तर विमा कंपनी त्याला फुकटा प्रवासी म्हणते. दिवसभर पपई भरून दमलेल्या बाईला असे म्हणणे मला अन्यायाचेच वाटते. गाडी तिच्या श्रमाशिवाय भरलीच नसती. पण टोळीची नोंद कुठेच नसते. हजेरी मुकादमाच्या डोक्यात, मजुरी रोखीत, बिल्टीवर, म्हणजे माल पाठवल्याच्या पावतीवर, फक्त मालाचे वजन. उत्पन्नाचा कागद नसल्याने न्यायाधिकरण अंदाजाने, बहुधा किमान वेतनाच्या आसपासचा आकडा धरते आणि वयानुसारच्या गुणकाने गुणते. हे गुणक २००९च्या सरला वर्मा निकालाने एकसारखे केले. घरकामाचेही मोल धरले पाहिजे, हे न्यायालयांनी २००१पासून पुन्हा पुन्हा सांगितले आहे.

२०१९च्या दुरुस्तीतल्या भरपाईच्या तरतुदी १ एप्रिल २०२२पासून लागू झाल्या. चूक न पाहता मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख, तर वाहन पळून गेल्यास मृत्यूसाठी दोन लाख. पोलिसांनी ४८ तासांत प्राथमिक अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा. याच दुरुस्तीने १९९४मध्ये काढून टाकलेली, दावा लावण्यासाठीची सहा महिन्यांची मुदत परत आणली, तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. गुजरातेत कामाला गेलेल्या अक्कलकुवा-धडगावच्या कुटुंबासाठी १९९४ची एक सोय मात्र टिकून आहे : अपघात कुठेही झाला तरी राहत्या जिल्ह्यात, म्हणजे नंदुरबारला, दावा लावता येतो.