विलीनीकरणानंतर मेल परत येतो, कॅलेंडर दिसत नाही: आधी काय पाहावे

दोन कंपन्यांची नेटवर्क जोडली की एक तक्रार हमखास येते. कालपर्यंत ज्यांना मेल व्यवस्थित जात होता, त्यांच्याकडूनच आज तो परत येतो. पत्ता तर बरोबर दिसतो!

नाव टाइप करताच आउटलुक जे सुचवते, ते बऱ्याचदा ईमेल पत्ता नसून जुन्या एक्स्चेंज सर्व्हरवरची (कंपनीचा मेल सांभाळणाऱ्या यंत्रणेवरची) त्या माणसाची अंतर्गत ओळख असते. मेलबॉक्स हलवला की नव्या सर्व्हरला ही ओळख माहीत नसते. परत आलेल्या मेलमध्ये ‘आयएमसीईएएक्स’ने (IMCEAEX) सुरू होणारा लांबलचक पत्ता असेल, तर कारण हेच. सुचवलेल्या नावापुढची फुली दाबून ते काढा आणि पूर्ण पत्ता टाइप करा. तेवढ्यापुरते काम होईल. पण जुन्या मेलना आणि निमंत्रणांना दिलेली उत्तरेही याच कारणाने परत येतात, त्यामुळे प्रत्येकाने आपली यादी साफ करून भागत नाही. जुनी ओळख नव्या मेलबॉक्सला ‘एक्स ५००’ पत्ता म्हणून जोडावी लागते. ते काम आमचे, म्हणजे आयटी विभागाचे. तोवर जुने खाते कृपया काढून टाकू नका. त्यासोबत ही ओळखही जाते आणि मग ती शोधत बसावे लागते.

कॅलेंडरमध्ये सहकाऱ्याच्या वेळेच्या जागी नुसत्या तिरप्या रेघा दिसतात? एकाच माणसाचे असे होत असेल, तर त्याच्या परवानग्या किंवा डिरेक्टरीतला (कंपनीच्या सामायिक पत्तायादीतला) त्याचा पत्ता तपासावा लागेल. पलीकडच्या सगळ्यांचेच होत असेल, तर दोष दोन नेटवर्कमधल्या जोडणीत आहे. ही जोडणी दोन्ही बाजूंनी करावी लागते. एकाच बाजूने केली तर त्यांना तुमची वेळ दिसते, तुम्हाला त्यांची नाही.

दर आठवड्याच्या जुन्या मीटिंगा दुरुस्त करत बसू नका. आयोजकाचा मेलबॉक्स हलल्यावर त्या बंद करून नव्याने बोलावणे आम्हाला जास्त खात्रीचे वाटते. टीम्सच्या लिंकही नव्याच लागतात.

बाहेरच्यांना तुमचा मेल स्पॅममध्ये मिळत असेल, तर डोमेनची (पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाची) एसपीएफ नोंद पाहा. त्या नावाने मेल कोणते सर्व्हर पाठवू शकतात, हे ती सांगते. ती एकच असावी लागते. दोन कंपन्यांच्या दोन नोंदी शेजारी ठेवल्या तर तपासणीच फसते.

परत आलेला मेल पुसू नका. त्याचा फोटो न काढता तो अटॅचमेंट म्हणून आम्हाला पाठवा. त्यातला ५.१.१० हा आकडा पत्ता सापडला नाही असे सांगतो. ५.४.१४ म्हणजे मेल दोन सर्व्हरमध्ये फिरत राहिला. दोन्हींचे उपाय अगदी वेगळे आहेत.