आयएसडीएन राउटरवरील कॉल टायमर व डायल विलंब

आयएसडीएन (आवाज व डेटा डिजिटल रूपात नेणारी टेलिफोन सेवा) लाइनवर गरजेपुरताच कॉल लावणाऱ्या राउटरने (संगणकांची जाळी एकमेकांना जोडणारे उपकरण) कॉल केव्हा लावावा, तो लागेपर्यंत किती थांबावे, केव्हा तोडावा आणि पुन्हा केव्हा लावावा, हे ठरवणाऱ्या कालमर्यादा. लाइन मीटरवर चालत असल्याने त्यांचा थेट संबंध बिलाशी येतो.

आयएसडीएन ही संज्ञा बहुधा १९७० च्या दशकात रूढ झाली. काही लेखक सुरुवात तिथूनच मानतात. मात्र उपकरणे ज्यांवर बेतली गेली त्या सीसीआयटीटी या आंतरराष्ट्रीय दूरसंचार मानक संस्थेच्या शिफारशी १९८४ च्या, त्यामुळे तेच वर्ष धरणे अधिक सयुक्तिक वाटते. मूळ जोडणीत ६४ केबीपीएसचे (सेकंदाला ६४ हजार बिट) आवाज वा डेटा नेणारे दोन बी चॅनल आणि कॉलच्या संकेतांसाठी १६ केबीपीएसचा डी चॅनल असतो. मुंबईत ही सेवा महानगर टेलिफोन निगमची होती.

सिस्को कंपनीच्या राउटरवर काही न बदलल्यास आयडल टाइमआउट, म्हणजे रिकामा कॉल तोडण्याआधीची मुदत, १२० सेकंद असतो. दुसऱ्या ठिकाणचा कॉल खोळंबला असेल, तर रिकामी लाइन २० सेकंदांतच सोडली जाते. हा फास्ट आयडल. कॉल लागण्याची वाट ३० सेकंद पाहिली जाते आणि तुटलेल्या वा फसलेल्या कॉलनंतर १५ सेकंद लाइन पुन्हा वापरली जात नाही. कॉल जोडला जात असताना आलेली पॅकेटे (डेटाचे तुकडे) रांगेत धरली नाहीत तर वाया जातात. म्हणून बंद लाइनवर पिंग (पलीकडून उत्तर येते का हे पाहणारी चाचणी) दिल्यास स्क्रीनवर आधी एक-दोन टिंबे (उत्तर नाही) उमटतात आणि मग उद्गारचिन्हे (उत्तर आले). हे बिघाडाचे लक्षण समजू नये.

खरा घोळ होतो तो आयडल टायमर कशाने पुन्हा शून्यापासून मोजू लागतो, यावर. डायलर लिस्टमध्ये, म्हणजे कोणत्या पॅकेटांसाठी कॉल लावायचा त्या यादीत, 'दखलपात्र' ठरवलेले पॅकेटच तो रीसेट करते, आणि मूळ सेटिंगमध्ये तेही बाहेर जाणारे असावे लागते. येणारी रहदारी मोजायची तर तसे वेगळे सांगावे लागते. इतर पॅकेटे लाइन चालू असेपर्यंत जातात-येतात, पण कॉल टिकवत नाहीत. टायमर दोन्ही टोकांना असतो आणि ज्याची मुदत आधी संपेल तो कॉल तोडतो. राउटर एकमेकांना मार्ग कळवतात त्या रिप प्रोटोकॉलचे अपडेट दर ३० सेकंदांनी निघते. ते यादीतून वगळले नाही तर १२० सेकंद कधी भरतच नाहीत, लाइन रात्रभर चालू राहते. शो डायलर या आज्ञेच्या उत्तरात उरलेले सेकंद उतरत जाऊन मध्येच पुन्हा १२० वर गेलेले दिसले, की दोष यादीत शोधावा, टायमरमध्ये नव्हे.

मुदत किती, याबद्दल दोन मते आहेत. युनिट (बिलात एक कॉल म्हणून मोजला जाणारा काळ) १८० सेकंदांचा धरला, तर ५० सेकंदांचे काम १२० सेकंद रिकामे थांबून १७० व्या सेकंदाला तुटते आणि एका युनिटात बसते. ७० सेकंदांचे काम मात्र १९० वर जाते. दुसरा युनिट पडतो. म्हणून टायमर २० वर आणावा, असे काहीजण सुचवतात. पण दर अर्ध्या मिनिटाने एन्ट्री पाठवणाऱ्या शाखेत त्यामुळे प्रत्येक एन्ट्रीला नवा कॉल आणि नवा युनिट पडेल. कामाची लय पाहून युनिटच्या मापाने मुदत बेतणे हेच योग्य.

फोर्ट, नरिमन पॉइंट, अंधेरी येथील कार्यालयांत आयएसडीएन लीज लाइनला (भाड्याने घेतलेली, कायम जोडलेली लाइन) बॅकअप म्हणूनही ठेवत. पावसाळ्यात केबलच्या जॉइंटमध्ये पाणी शिरले की लीज लाइन सारखी पडते-उठते. बॅकअप डिले, म्हणजे लीज लाइन पडल्यावर वा परत आल्यावर थांबायचा वेळ, शून्य ठेवला तर प्रत्येक झटक्याला कॉल लागतो. पडल्यावर १० आणि परत आल्यावर ६० सेकंद थांबवले की हे टळते. पुढे ब्रॉडबँड आल्यावर हा वापर ओसरला.