थंडीत छाटणी करताय? आधी फूल कुठं येतंय ते बघा

डिसेंबर लागला की बेळगावात कोयते बाहेर निघतात. पाऊस संपलेला असतो, उन्हात काम करायला बरं वाटतं, मग शहापूर असो, टिळकवाडी असो नाहीतर खानापूरकडची खेडी, परसातल्या सगळ्या झाडांवरनं एकदमच हात फिरतो. आंबा, गुलाब, मोगरा, जास्वंद, सगळ्यांना एकच माप. युट्यूबवर बाहेरच्या देशातले व्हिडिओ बघितले तर तेही सांगतात की हिवाळा म्हणजेच छाटणीचा सीझन. त्यांचं खरं आहे, पण त्यांच्या हवेपुरतं, आणि हा फरक कळला नाही तर आंब्याचा वर्षभराचा मोहोर एका सकाळीत गाडीभर कचरा होऊन जातो, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

तिकडं, म्हणजे युरोपात किंवा आपल्या काश्मीर-हिमाचलात, थंडी शून्याच्या खाली जाते. सफरचंदासारखं झाड पानं गाळायच्या आधी पानातलं नायट्रोजनसारखं कामाचं द्रव्य आत ओढून घेतं, मुळात आणि खोडात स्टार्च साठवतं, आणि मग वाढ बंद करून बसतं. अशा वेळी फांदी कापली तर झाडाचं नुकसान कमी होतं, बुरशी आणि किडी गारठलेल्या असतात, पानं नसल्यामुळं सांगाडा स्पष्ट दिसतो, आणि वसंतात साठवलेलं सगळं अन्न उरलेल्या डोळ्यांना (म्हणजे फांदीवरच्या, जिथनं फूट येते त्या कोंबांना) मिळून जोरदार फूट येते. सफरचंदाला तर साधारण ७ अंशांखालची थंडी पुरेसे तास मिळाल्याशिवाय डोळे नीट फुटतच नाहीत.

आपल्याकडं पहाटे १२-१४ अंश झाले तरी आपण शेकोटी पेटवतो. ही थंडी झाडाला झोपवायला पुरत नाही. खानापूरच्या रानात साग, पळस, सावर पानं गाळतात ते खरं, पण ते गारठ्यामुळं नाही, जमिनीतलं पाणी आटायला लागतं म्हणून, पानं ठेवली तर पाणी उडून जाणार. आणि पळस, सावर तर त्याच बोडक्या फांद्यांवर फेब्रुवारी-मार्चला फुलतात, म्हणजे बाहेरून वाळल्यासारखी दिसणारी फांदी आत कळ्यांच्या तयारीत असते.

आंब्याचंही तसंच. पावसाळ्यात आलेली फूट पिकून घट्ट होते, मग ऑक्टोबर-नोव्हेंबरनंतर रात्री गार व्हायला लागल्या की त्या फुटीच्या शेंड्याच्या डोळ्यात मोहोराची घडण सुरू होते. डिसेंबरात एक फांदी खाली ओढून शेंडा जवळून बघा, गडद जुन्या पानांच्या झुबक्याच्या मधोमध एक टपोरा टोकदार डोळा दिसेल, बाहेर खवले घट्ट मिटलेले. तोच मोहोर. झाड गोल दिसावं म्हणून सगळीकडनं शेंडे मारले की नेमके हेच डोळे जातात, आणि खालनं जी फूट येते ती बहुतेक पानांचीच असते. आंब्याची छाटणी आंबे उतरल्यावर, जूनच्या आसपास, म्हणजे नवीन फुटीला पिकायला चार-पाच महिने मिळतात. थंडीत फक्त वाळकी आणि रोगट काडी काढा, बाकी हात लावू नका.

मग थंडीत कोणतं झाड कापायचं? जे नवीन फुटीवर फुलतं ते, आणि फूल कधी पाहिजे त्याच्या आधी हिशेब करून. मोगरा याचं चांगलं उदाहरण. डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडायचं, झुडूप निम्म्यावर छाटायचं, पानं काढायची, नंतर खत घालून पाणी सुरू करायचं, उन्हाळ्याच्या तोंडाला जी कोवळी फूट येते तिच्या टोकाला कळ्या धरतात. गुलाबही नवीन फुटीवरच फुलतो, पण आपल्याकडं त्याची मोठी छाटणी पाऊस गेल्यावर ऑक्टोबरात होते आणि डिसेंबरात फुलं येतात, त्यामुळं युरोपातला माणूस हिवाळ्याच्या शेवटी गुलाब कापतो म्हणून आपण जानेवारीत भरात आलेला ताटवा कापण्यात अर्थ नाही. सुकलेली फुलं तेवढी खुडा. पेरूला थंडीत फळं असतात, ती उतरू देत.

कापलं की फूट का येते, हा यातला मला सगळ्यात आवडणारा भाग. फांदीचा शेंडा ऑक्सिन नावाचं संप्रेरक बनवतो, ते खाली वाहत राहतं आणि बाजूचे डोळे दबून राहतात. १९३३ साली केनेथ थिमन आणि फोक स्कूग यांनी बाकल्याच्या रोपांचे शेंडे उडवले, तर बाजूचे डोळे फुटले; पण कापलेल्या जागी ऑक्सिन लावलं तर ते दबलेलेच राहिले. पुढं २०१४ साली वाटाण्यावरच्या प्रयोगात दिसलं की शेंडा गेल्याबरोबर तिकडं जाणारी साखर बाजूच्या डोळ्यांकडं वळते, आणि पहिला इशारा त्या साखरेचा असतो, ऑक्सिन कमी झाल्याची खबर नंतर पोचते.

हे अथणीकडच्या द्राक्षवाल्यांना पुस्तकाशिवाय माहीत आहे. थंड देशात द्राक्षवेल हिवाळ्यात झोपते आणि वर्षात एकदा छाटली जाते, आपल्याकडं ती झोपतच नाही, म्हणून दोनदा छाटावी लागते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिच्यानंतरच्या काडीत घड तयार होतात, आणि ऑक्टोबरात गोडी छाटणी, ज्यातनं तो घड बाहेर येतो. पुरेशी थंडी नसल्यामुळं डोळे मागंपुढं फुटतात, वरचा फुटला की खालचे दबतात, म्हणून हायड्रोजन सायनामाइड नावाचं औषध डोळ्यांना लावतात आणि सगळे एकदम जागे करतात. औषध विषारी आहे, हातमोज्याशिवाय कुणी लावू नये.

आता काप कुठं घ्यायचा. झुडपाला बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या थोडं वर, अर्ध्या सेंटीमीटरवर, सिकेटरनं (छाटणीच्या कात्रीनं) किंचित तिरका, म्हणजे फूट बाहेर जाते आणि मध्ये हवा खेळते. मोठ्या फांदीला मात्र जागा शोधावी लागते. फांदी खोडाला मिळते तिथं सुरकुत्यांची एक फुगीर कडा असते, बोट फिरवलं की लागते. अमेरिकेच्या वनखात्यातले अॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडं उभी चिरून बघितली, त्यांना आढळलं की कुज अडवणारी भिंत झाड या कडेतच उभी करतं, सडका भाग बरा होत नाही, तो आतल्या आत कोंडून टाकला जातो. म्हणजे खोडाला सपाट घासून कापलं तर ती कडा जाते, आणि हातभर खुंट ठेवला (वायरीखालच्या झाडांना असे खुंट रस्तोरस्ती दिसतात) तर तो वाळून कुजतो आणि कुज आत शिरते. कडेच्या जरा बाहेरच करवत लावायची. आधी थोडं लांब खालनं एक अर्धा काप द्यायचा, मग वरनं कापून वजन उतरवायचं, शेवटी खुंट काढायचा, नाहीतर फांदी पडताना सालीची पट्टी खोडावरनं सोलून नेते.

जखमेवर ऑइल पेंट फासायची सवय सोडून द्या, त्यानं कुज थांबत नाही, उलट ओल आत कोंडते. बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुना, ही बुरशीनाशक म्हणून बागायतदार लावतात ते वेगळं. आणि मोठी छाटणी लांबवत मार्चपर्यंत नेऊ नका, सावलीत वाढलेली साल एकदम एप्रिलच्या उन्हात उघडी पडली की भाजून तडकते, आणि तिथनंच खोडकिडा शिरतो.