चष्म्याचा नंबर असा निघतो

नंबर काढायला बसल्यावर बरेच जण अक्षर चुकेल म्हणून लाजतात आणि अंदाजाने काहीतरी ठोकून देतात. कृपया तसं करू नका. पुसट दिसतं, दोन-दोन दिसतं, दिसतच नाही, जे असेल ते सांगा. अहिराणीत सांगितलंत तरी चालेल. नंबर शेवटी तुमच्या उत्तरांवरच ठरतो.

हनुवटी टेकवून ज्या मशीनमध्ये बघायला लावतो, ते फक्त अंदाजे आकडा देतं. त्यावरून थेट काचा बसवल्या तर चष्मा डोळ्याला जाचू शकतो. म्हणून तपासणीची फ्रेम चढवून 0.25 च्या टप्प्याने काचा बदलतो आणि विचारतो, आधीची बरी की ही? दोन्ही सारख्या वाटल्या तर तसं सांगा, तेही बरोबरच उत्तर. तक्ता 6 मीटरवर हवा; आमची खोली लहान, म्हणून तो आरशातून दाखवतो. 6/12 म्हणजे निकोप डोळा जे 12 मीटरवरून वाचतो, ते तुम्हाला 6 मीटरवरून वाचता येतं. अक्षरओळख नसलेल्या आजी-आजोबांसाठी चारी दिशांना तोंड केलेल्या ‘ई’चा तक्ता आहे, बोटांनी दिशा दाखवली की झालं.

चिठ्ठीवरचा वजा नंबर म्हणजे लांबचं पुसट. सिलिंडरचा, म्हणजे काचेच्या एकाच दिशेत लागणारा, नंबर असेल तर शेजारी 180 पर्यंतचा एक आकडा असतो, तो काचेची दिशा सांगतो. फ्रेम वाकली की ती दिशा फिरते, म्हणून अशांनी फ्रेम सरळ करून घ्यायला जरूर यावं. त्याचे पैसे घेत नाही.

चाळिशीनंतरचा जवळचा नंबर कामावर ठरतो. पेपर आपण साधारण 40 सेंटीमीटरवर धरतो, जळगावच्या सराफ बाजारातला कारागीर दागिना त्याहून जवळ घेतो, कॉम्प्युटर मात्र हातभर लांब. तिघांचं वय एक असलं तरी नंबर वेगळा निघू शकतो. तेव्हा काम काय करता ते आधी सांगा, जुना चष्माही सोबत आणा.

शुगर वरखाली होत असेल तर नंबरही हलतो. ती स्थिरावू द्या, मग या. चष्म्याची घाई आम्ही करणार नाही.

काळ्या चकतीच्या बारीक छिद्रातून बघूनही नजर सुधारली नाही, तर अडचण बहुधा नंबरापलीकडची असते. मोतीबिंदू, काचबिंदू, डोळ्याच्या आतल्या पडद्याचे आजार यांसाठी डोळ्यांच्या डॉक्टरांकडेच जावं लागतं. लहान मुलांनाही पहिल्यांदा तिकडेच न्या. मुलं नकळत डोळ्यांवर जोर देऊन बघतात, म्हणून तो जोर सैल करणारे थेंब टाकून नंबर काढावा लागतो.

तपासणी झाल्यावर नंबराची चिठ्ठी मागून घ्या. चष्मा दुसरीकडे करायचा असला तरी देऊ.